मोटारसायकलवरून एकट्याची डोंगरवारी : तब्येतीची बाजू

पावसाळा ओसरला, की आपल्याकडच्या हौशी मंडळींना डोंगर साद घालू लागतात. पूर्वी ही हौस अजिंठा-वेरूळच्या सहलीवर किंवा चिखलदऱ्याच्या एखाद्या मुक्कामावर भागत असे. आता तसे राहिलेले नाही. मोटारसायकलच्या मागे तंबू, अंथरूण, छोटा स्टोव्ह आणि चार दिवसांचा शिधा बांधून एकट्यानेच निघायचे आणि जेथे दिवस मावळेल तेथे मुक्काम करायचा, अशी नवी आवड तरुणांत आणि पन्नाशीच्या गृहस्थांतही दिसू लागली आहे. आपल्या जिल्ह्याला तर त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर वसले आहे. मलकापूरकडे उतरणारा राजूर घाट, खामगावकडे जाणारा बोथ्याचा घाट, आणि उत्तरेला पूर्णेचे खोरे ओलांडले की जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतला सातपुडा. भिंगारा, अंबाबरवा, पुढे नरनाळा आणि मेळघाट, असा सारा खडतर मुलूख दारातच उभा आहे.

ही आवड वाईट आहे असे मुळीच म्हणायचे नाही. मोकळी हवा, अंगमेहनत आणि चार दिवस डोक्याला विश्रांती यांचा उपयोग औषधापेक्षा कमी नाही. पण दवाखान्यात अशी माणसे प्रवासाआधी भेटतात तेव्हा एकच प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, सोबत कोणत्या गोळ्या ठेवू?’ गोळ्यांची यादी देणे सोपे आहे. खरा प्रश्न त्याहून वेगळा आहे आणि आजच्या लेखात त्याचाच विचार करू.

आजारी कोण, हे कळायला दुसरा लागतो

‘ज्याचे जळते त्याला कळते’ अशी आपल्याकडे म्हण आहे. मात्र काही आजारांत ही म्हण उलटी होते. ज्याला होते त्यालाच कळत नाही! उन्हाचा जबर त्रास, रक्तातली साखर उतरणे, झोपेची गुंगी, कडाक्याची थंडी, बंद जागेतला धूर आणि फार उंचीवरची विरळ हवा या सगळ्यांत मेंदूचा कारभार फार लवकर बिघडतो. मेंदू बिघडला, की ‘मला काहीतरी होत आहे’ हे ओळखण्याची शक्तीच जाते. उलट रोगी ‘मी ठणठणीत आहे’ म्हणून हट्टाला पेटतो.

घरी असताना ही उणीव दुसरे माणूस भरून काढते. ‘अहो, चेहरा का उतरला?’, ‘बोलणे असे अडखळते का?’ असे घरातले कुणीतरी विचारते आणि साखरपाणी हातात देते. दोघे प्रवासी असले तरी मागे बसलेला खांद्यावर हात मारून गाडी थांबवतो. एकट्याच्या प्रवासात हा दुसरा माणूस नसतो, आणि कोणतीही गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. ती जागा भरायची तर काही नियम घरूनच ठरवून निघावे लागते आणि ते घड्याळाबरहुकूम पाळावे लागतात. ‘थकलो की थांबू’ हा नियम नव्हे. ‘दर तासाला थांबायचे, थकलो असो वा नसो’ हा नियम होय. हे एवढे तत्त्व ध्यानात ठेवले, की पुढचे सगळे सोपे जाते.

ऊन आणि तहान

गाडी चालू असताना अंगाला वारा लागतो आणि घाम आल्याबरोबर वाळून जातो. त्यामुळे आपल्याला घाम आलाच नाही असे वाटते. प्रत्यक्षात शरीरातले पाणी आणि मीठ सारखे जात असते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या पुढे गेली, की अंगावर येणारा वारा थंडावा देण्याऐवजी उष्णताच देऊ लागतो. एप्रिल-मे महिन्यांत बुलढाण्याहून घाट उतरून मलकापूर-नांदुऱ्याच्या पट्ट्यात आले की भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखे वाटते, ते यामुळेच. अशा वेळी बाह्या दुमडून किंवा शर्टाची बटणे सोडून गाडी चालवणे चुकीचे आहे. पूर्ण बाह्यांचा सैल सुती कपडा घालावा आणि तो मधूनमधून ओला करावा.

तहान लागण्याची वाट पाहू नये. दर थांब्यावर पेलाभर पाणी प्यावे. लघवी पिवळीजर्द होऊ लागली किंवा चार-पाच तासांत झालीच नाही, तर शरीर कोरडे पडले असे समजावे. नुसते पाणीच पीत राहणेही योग्य नाही, कारण घामाबरोबर मीठही जाते. जलसंजीवनीची पाकिटे सोबत ठेवावीत आणि पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावीत. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मीठ अर्धा सपाट लहान चमचा घालावे. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे.

डोके दुखणे, मळमळ आणि पायांत गोळे येणे या पहिल्या खुणा आहेत. या वेळी सावलीत आडवे झाले, पाणी प्यायले आणि अंग ओले केले, तर बहुधा निभावते. पुढची पायरी उष्माघाताची. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या, म्हणजे १०४ अंश फॅरनहाइटच्या पुढे जाते आणि माणूस बरळू लागतो. ही पायरी एकट्या माणसाला स्वतःची स्वतःला ओळखता येत नाही. म्हणून उन्हाळ्यात सकाळी अकरा ते दुपारी चार गाडी उभीच ठेवायची, हा नियम घरीच करून निघावे.

झोप : सर्वांत मोठा शत्रू

सापाला आणि वाघाला सगळे भितात, झोपेला कुणी भीत नाही. वास्तविक रस्त्यावर माणसाचा घात अधिक करते ती झोपच. डोळे उघडे असूनही मेंदू तीन-चार सेकंद झोपी जाऊ शकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने चार सेकंदांत गाडी सुमारे ६७ मीटर पुढे जाते. घाटातले वळण त्याहून कितीतरी लहान असते.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग १७ तास जागे असलेल्या माणसांची हाताची व डोळ्यांची चपळाई त्यांनी मोजली. रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकीच ती मंदावली होती. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम एवढीच आहे. पहाटे चारला उठून दिवसभर गाडी चालवणारा निर्व्यसनी गृहस्थ रात्री नऊ वाजता अशा अवस्थेला आलेला असतो, आणि त्याला स्वतःला मात्र ‘आणखी तासभर सहज रेटेन’ असे वाटत असते.

शरीराच्या घड्याळाप्रमाणे पहाटे तीन ते पाच आणि दुपारी दोन ते चार या वेळी झोप अनावर होते. सर्दी-खाज-शिंकांवरच्या बऱ्याच गोळ्या आणि खोकल्याची काही औषधे यांनी गुंगी येते. ती घेऊन गाडी चालवू नये. डोळ्यांवर पाणी मारणे किंवा तंबाखूचा बार भरणे हे उपाय नव्हेत. चहाने थोडा वेळ तरतरी येते, पण गेलेली झोप भरून निघत नाही. गाडी बाजूला लावून वीस मिनिटे डुलकी घेणे हाच त्या क्षणीचा उपाय, आणि रात्री सात तास झोप हा खरा उपाय. घाटरस्त्याने दिवसाला दोनशे-अडीचशे किलोमीटर पुष्कळ झाले. संध्याकाळी पाचच्या आत मुक्काम गाठावा. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

मधुमेह असणाऱ्यांसाठी

मधुमेह आहे म्हणून घरी बसावे असे नाही. पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरू शकते. हात थरथरणे, घाम, धडधड, भुकेची कळ या तिच्या खुणा. गाडीची थरथर, ऊन आणि थकवा यांत त्या खुणा झाकून जातात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी धडधड होतच नाही, त्यामुळे साखर उतरल्याची ती खूणही हरवते. त्यानंतर एकदम डोके चालेनासे होते. अशा माणसाला लोक रस्त्याच्या कडेला दारुडा समजून सोडून देतात, हे दुर्दैवाने खरे आहे.

अशांनी निघण्यापूर्वी आणि प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल किंवा तपासायची सोय नसून शंका आली, तर साधी साखर तीन चमचे पाण्यातून ताबडतोब घ्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. त्यानंतर पोळी किंवा बिस्किटे खावीत. साखर पूर्ववत झाल्यावरही पाऊण तास गाडीला हात लावू नये, कारण मेंदू सावरायला तेवढा वेळ लागतो. साखरेची पुडी पिशवीच्या तळाशी नको, शर्टाच्या खिशात हवी. इन्सुलिन डिकीत किंवा टाकीवरच्या पिशवीत उन्हात ठेवल्यास निकामी होते. ते ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवावे.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. एकादशी असो, चतुर्थी असो की गुरुवार असो, उपवासाच्या दिवशी मधुमेह्याने एकट्याने गाडी चालवू नये. देव एक दिवस थांबेल, उतरलेली साखर थांबत नाही.

मुक्कामाची जागा

प्रथम कायद्याची गोष्ट. ज्ञानगंगा आणि अंबाबरवा ही अभयारण्ये आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तेथे वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकून राहता येत नाही. हा नियम आपल्याही हिताचा आहे. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात बिबटे आणि अस्वले आहेत. २०१९ साली तर यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ हजाराहून अधिक किलोमीटर भटकून येथे येऊन राहिला होता. अस्वल आपल्यावर चालून येते ते बहुधा एकाएकी समोरासमोर आल्यामुळे. पाणवठ्याजवळ मुक्काम करू नये आणि खाण्याचे पदार्थ तंबूत ठेवू नयेत.

सर्वांत चांगला मुक्काम म्हणजे गावालगत, हाकेच्या अंतरावर. गावाच्या पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना भेटून नाव-गाव सांगावे आणि शाळेची पडवी किंवा देवळाचे आवार मागावे. आपल्याकडची आदिवासी गावे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. यात तुमच्या साहसाला काही उणेपणा येत नाही. रात्री काही झाले तर ओ देणारे माणूस मात्र मिळते.

ते माणूस का हवे, याचे उत्तर मण्यार सापात आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. त्यांपैकी मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, बोलणे बोबडे होते आणि नंतर श्वास बंद पडू लागतो. एकटा माणूस ‘झोप पुरी झाली नाही’ म्हणून पडून राहतो आणि वेळ निघून जाते. रानात सकाळी पापण्या उघडेनाशा झाल्या, तर सर्पदंश समजूनच मदत मागावी.

उघड्यावर जमिनीवर झोपू नये. तळ शिवलेला आणि चेन पूर्ण बंद होणारा तंबू वापरावा, नाहीतर खाटेवर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपावे. रात्री विजेरीशिवाय पाऊल टाकू नये. दंश झालाच तर जखम चिरू नये, चोखू नये, करकचून बांधू नये. तो हात किंवा पाय काठीला सैल बांधून स्थिर ठेवावा आणि स्वतः गाडी न चालवता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किंवा गावातले वाहन मिळवून सरकारी रुग्णालय गाठावे. सर्पविषावरची लस या चारही सापांवर चालते आणि तेथे मोफत मिळते. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास परत मिळत नाही.

विंचवाबद्दलही थोडे. सकाळी बूट झटकल्याशिवाय घालू नयेत. लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या आणि हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसली, तर ते विष हृदयावर गेले असे समजावे. या दंशावर प्राझोसिन हे औषध गुणकारी असल्याचे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिले. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातील देहेड या खेड्यातून आलेल्या या डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. एकेकाळी अनेकांचा जीव घेणारा हा दंश आज वेळेत उपचार मिळाल्यास बहुधा बरा होतो.

थंडी, धूर आणि उंची

डिसेंबर-जानेवारीत सातपुड्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. पहाटे गाडी चालवताना वाऱ्यामुळे ती कितीतरी जास्त लागते. बोटे बधिर होतात आणि ब्रेक उशिरा दाबला जातो. सूर्य वर आल्याशिवाय निघू नये.

थंडीपायी तंबूत शेगडी, निखारे किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपणे म्हणजे मृत्यूला आमंत्रण होय. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून आणि इंधनातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस जागा न होताच बेशुद्ध होतो. जाग असली तरी डोके जड होण्यापलीकडे काही कळत नाही. ऊब हवी तर एक पांघरूण जास्त घ्यावे.

सातपुड्यावर हात बसला, की पुढचे स्वप्न लडाखचे असते. त्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे, की चिखलदरा साधारण अकराशे मीटरवर आहे आणि लेह सुमारे साडेतीन हजार मीटरवर. तेथे पोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. डोकेदुखी व मळमळ असेल तोवर आणखी वर चढू नये. चालताना तोल जाऊ लागला, बोलणे विसंगत झाले किंवा बसल्या जागी धाप लागली, तर खाली उतरणे हाच उपाय. तेव्हा माणसाला स्वतःचे भान राहत नाही, म्हणून त्या उंचीवर प्रथमच जाणाऱ्याने एकटे जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शिरस्त्राण

२०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ७० टक्क्यांनी कमी होतो. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट मात्र पहिल्या धक्क्यालाच उडून जाते.

घड्याळाचे ऐका

आता सर्व गोष्टी एकत्र करू. एकट्याने निघणाऱ्याने पुढील शिस्त पाळावी :

१) दर तासाला दहा मिनिटे थांबा. पाणी प्या, दहा पावले सरळ रेषेत चाला.

२) प्रत्येक थांब्यावर स्वतःला तीन प्रश्न मोठ्याने विचारा : आज वार कोणता, पुढचे गाव कोणते, घरी फोन किती वाजता करायचा? एकाचेही उत्तर अडखळले किंवा पावले वाकडी पडली, तर मधुमेह्याने आधी साखर घ्यावी. मग कुणाला तरी हाक मारा. त्या दिवसाचा प्रवास तेथेच संपला. यावर स्वतःशी वाद घालायचा नाही.

३) रस्ता आणि मुक्कामांची गावे कागदावर लिहून घरी ठेवा. ठरलेल्या वेळी फोन आला नाही, तर तीन तासांनी ११२ वर कळवायचे, असे घरच्यांना सांगून ठेवा. सातपुड्याच्या दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून फोनची जागा आणि वेळ आधी ठरवा.

४) खिशात नाव, रक्तगट, आजार, चालू औषधे, न चालणारी औषधे आणि घरचा फोन लिहिलेले कार्ड ठेवा. बेशुद्ध माणसाच्या वतीने तेच बोलते.

५) पन्नाशी ओलांडलेल्यांनी निघण्यापूर्वी रक्तदाब, साखर आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर ‘पित्त असेल’ म्हणून पुढे जाऊ नये.

६) परतल्यावर तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांना रानात मुक्काम केल्याचे आवर्जून सांगा. हिवताप असू शकतो. गवतातल्या बारीक किड्यांपासून होणारा स्क्रब टायफसही असू शकतो. २०१८ साली नागपूरकडे त्याचे बरेच रुग्ण आढळले होते. अंगावर कुठे काळी खपली आहे का ते पाहावे. डॉक्सिसायक्लिन या साध्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो, मात्र वेळेवर ओळखला पाहिजे.

शेवटी घरच्यांनाही एक शब्द. एकट्याने निघालेल्या माणसाला ‘जाऊ नकोस’ म्हणून अडवले, की तो न सांगता जातो, आणि न सांगता गेलेल्याला शोधायचे कुठे? त्यापेक्षा त्याच्याकडून रस्त्याचा कागद लिहून घ्या, खिशात साखरेची पुडी आणि कार्ड घाला आणि फोनची वेळ ठरवा. त्या वेळी घरातल्या कुणीतरी फोनजवळ बसावे, आणि तो बोलू लागला की त्याचा आवाज नीट ऐकावा. अडखळत असेल तर ‘आज तेथेच मुक्काम कर’ असे निक्षून सांगावे.